विमानातला रुमाल



विमान पकडायचं तर आपल्या रत्नागिरीकरांना मुंबई, मोपा नाहीतर अंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. तरीही आज आपल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी वर्षाकाठी एकदा तरी विमानात बसतंच. कुणाची लेक बेंगळुरूला, कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची शिखरजीची यात्रा रांचीमार्गे. आणि विमानाच्या मागोमाग घरात एक नवा गजर आला आहे, चेक-इनचा.

"बरोब्बर अठ्ठेचाळीस तास आधी मोबाइल हातात घेऊन बसायचं, म्हणजे चांगली जागा मिळते," असं हल्ली प्रत्येक मंडळात कुणीतरी सांगतंच. काहीजणी त्यासाठी पहाटे उठतात. काहीजणी "एवढं काय मेलं त्यात" म्हणून विमानतळावर जाऊन मिळेल ती जागा घेतात. काहीजणी घाबरून तिकिटाबरोबरच जागेचेही पैसे भरून टाकतात. माझं मत विचाराल तर गजर जरूर लावावा. पण तो कशासाठी आणि कुणासाठी, हे आधी ठरवून लावावा. नाहीतर गजर तोच, पण त्याने एक बाई शहाणी ठरते आणि दुसरी नुसती हावरी.

आपल्या पिढीला जागा धरणं नवीन नाही. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत पडायचा. कुणी पिशवी टाकायचं, कुणी टोपी, आणि एखादा बहाद्दर तर खिडकीतून मुलालाच आत सोडायचा. रुमाल ज्याचा, जागा त्याची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कंडक्टरही तो मानायचा. आता नीट आठवून बघा, त्या रुमालाचेही दोन प्रकार होते. एक, मागून सावकाश चालत येणाऱ्या सासूबाईंसाठी टाकलेला. दुसरा, स्वतः ऐसपैस बसून वर शेजारच्या जागेवर पिशवी ठेवण्यासाठी टाकलेला. पहिल्या रुमालाला कुणी नाव ठेवलं नाही. दुसऱ्यावरून भांडणं झाली. चेक-इनचा गजर हा विमानातला रुमालच आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

मात्र एक मोठा फरक आहे. तो आपल्याला पटकन लक्षात येत नाही, कारण आपली सवय कोकण रेल्वेची. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस आधी उघडायचं. गणपतीच्या दिवसांसाठी सकाळी ८ वाजता तुम्ही तयार नसाल, तर काही मिनिटांत 'वेटिंग' दिसायला लागतं. तत्काळचंही तसंच, एसीला सकाळी १० आणि साध्या स्लीपरला ११. तिथे मिनिट चुकलं तर जागाच गेली, गणपतीला घरी पोचण्याची पंचाईत. म्हणून रेल्वेचा गजर ही गरज आहे. विमानात मात्र तिकीट काढलं तेव्हाच तुमच्या प्रवासाचे पैसे भरून झालेले असतात. चेक-इनच्या वेळी ठरते ती फक्त खुर्ची कुठली, एवढंच. रेल्वेची धास्ती आपण विमानात घेऊन जातो आणि तिथेच कंपन्यांचं फावतं.

वेब चेक-इनची सवय आपल्याला लागली ती करोनामुळे. २५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली, तेव्हा घरूनच चेक-इन करून येणं बंधनकारक केलं होतं. त्याआधी आपण सरळ काउंटरवर जाऊन बोर्डिंग पास घ्यायचो. बंधन गेलं, सवय राहिली. देशातल्या विमानांसाठी बऱ्याच कंपन्यांचं चेक-इन ४८ तास आधी उघडतं आणि सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं. परदेशच्या विमानांना कुठे ४८, कुठे २४ तास. तिकिटाच्या ईमेलमध्ये ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचून ठेवावं. अमेरिकेला जाताना घरून चेक-इन केलं तरी पासपोर्ट-व्हिसा तपासल्याशिवाय बोर्डिंग पास मिळेलच असं नाही. काउंटरवर जावं लागलं तर घाबरू नये.

आपल्यासाठी यात एक खास कोकणी अडचण आहे. समजा बुधवारी सकाळी ६ वाजता मुंबईहून रांचीचं विमान आहे. ४८ तासांचा हिशोब धरला तर सोमवारी सकाळी ६ वाजता चेक-इन उघडेल. तेव्हा आपण घरीच असतो, वायफाय चालू असतं, चहा गॅसवर असतो. पण २४ तासांचा नियम असेल आणि तोच मुहूर्त आपण मुंबईच्या गाडीत असताना आला, तर? भोके गेलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि पुढे एकामागून एक बोगदे. तिथे रेंज कुठली? मग ते काम आधीच मुलाकडे, सुनेकडे किंवा शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडे सोपवून ठेवावं. पीएनआर आणि आडनाव दिलं की कुणीही करून देऊ शकतं. एक प्रिंट काढून पर्समध्ये ठेवावी, मोबाइलची बॅटरी विमानतळावर हमखास दगा देते.

आता मुळात हा मिनिटामिनिटाचा हिशोब आला कुठून? तो अमेरिकेहून आला. तिथली साउथवेस्ट नावाची विमान कंपनी १९७१ साली सुरू झाली आणि पन्नासहून अधिक वर्षं तिने कुणाला खुर्चीचा नंबरच दिला नाही. अगदी आपल्या एसटीसारखं, आधी चढेल तो हवी ती जागा घेईल. फक्त चढायचा क्रम ठरलेला. ए, बी आणि सी असे गट आणि प्रत्येकात १ ते ६० आकडे. चेक-इन बरोबर २४ तास आधी उघडायचं. त्या क्षणी केलं तर ए गट नाहीतर बीचे सुरुवातीचे आकडे मिळायचे, तासाभराने आठवण झाली तर बीचे शेवटचे किंवा सी. सी म्हणजे मधली खुर्ची, आणि नवरा-बायको दोन टोकांना. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या आई-बापांना ए आणि बीच्या मधे सोडायचे, ही त्यातली माणुसकी. ज्यांना गजर नको असेल त्यांनी जास्तीचे पैसे भरायचे, की कंपनीच ३६ तास आधी त्यांचं चेक-इन आपोआप करायची.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांना हे सगळं तोंडपाठ होतं. आणि इथे आयांचा एक मजेशीर उपयोग व्हायचा. डॅलसहून उद्या सकाळी ६ वाजून १० मिनिटांचं विमान, म्हणजे चेक-इन आज सकाळी ६:१० ला. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचे ४:४० झालेले असतात. मुलगा तिकडे साखरझोपेत, आई इथे चहाचं आधण ठेवून मोबाइलवर बोट तयार. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा ५:४०. हा एक तासाचा फरक ज्या आयांनी पाठ केला, त्यांच्या नातवंडांना आईबापांशेजारी जागा मिळाली. हजारो मैलांवरून टाकलेला रुमाल म्हणा ना!

ती पद्धत आता संपली. २७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टही इतरांसारखा खुर्चीचा नंबर देते. आपल्याकडेही कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने २००३ साली स्वस्त विमानसेवा सुरू केली, तेव्हा खुर्चीचे नंबर नव्हते आणि लोक शिडीकडे अक्षरशः धावायचे. तेही मागे पडलं. आज भारतात आपण ज्या विमानांत बसतो त्यांत बोर्डिंग पासवर जागा छापलेली असते. मग पुढे घुसून चढायचं कशासाठी? "बोर्डिंग सुरू होत आहे" एवढं ऐकलं की अर्धं विमान उठून रांगेत का उभं राहतं? खुर्ची तर कुणी पळवणार नाही. आधी चढल्याचा खरा फायदा एकच, डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा मिळते. म्हणून बॅगच लहान ठेवावी. हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची आणि एका बॅगेची मर्यादा असतेच. ती पुढच्या खुर्चीखाली मावेल अशी निवडली, तर रांगेतली वीस मिनिटं वाचतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला वीस मिनिटं बसायला मिळणं हे पहिल्या दहांत चढण्यापेक्षा मोलाचं आहे.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. चौघांचं कुटुंब, जायचं-यायचं तिकीट, म्हणजे आठ जागा. एका जागेचे साडेतीनशे धरले तर २८०० रुपये होतात. कशासाठी? दोन तासांच्या प्रवासात खिडकीसाठी, किंवा पुढच्या रांगेत बसून दहा मिनिटं आधी उतरण्यासाठी. आणि आधी उतरून काय करायचं? सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून शेवटून उतरलेल्यांबरोबरच आपल्या बॅगेची वाट बघायची. लहान एटीआर विमानात तर प्रवाशांचं दार मागे असतं. तिथे पैसे मोजून पहिली रांग घेणारा सगळ्यांत शेवटी उतरतो. एक रुपयाही न देता मागची जागा मिळालेली बाई तोवर बाहेर पडलेली असते.

पैसे भरूच नयेत असं मी म्हणत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला पाय लांब करायला जागा हवी, साखरेच्या आजारात सारखं उठावं लागतं म्हणून कडेची खुर्ची हवी, तर साडेतीनशे रुपये औषधाच्या खात्यात मांडावेत आणि विसरून जावं. पण भीतीपोटी भरू नयेत. चेक-इन करताना जागांचा रंगीत नकाशा समोर येतो, प्रत्येक चौकोनावर रुपये लिहिलेले असतात, आणि पैसे दिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'स्किप' असतं, ते शोधावं. ते दाबलं की कंपनी आपणहून जागा देते. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनमध्ये सगळ्याच जागांना पैसे लागतील असं जाहीर केलं, तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला आणि मंत्रालयालाही आम्ही हे तपासून बघू असं म्हणावं लागलं. ग्राहकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या अशा ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम काढले आहेत. खोटी घाई निर्माण करणं आणि न मागितलेली वस्तू बिलात घुसडणं हे त्यांत नावानिशी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

आणखी दोन गोष्टी आपल्या हक्काच्या आहेत, पण बऱ्याचजणींना त्या माहीत नसतात. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असं मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं. ज्यांना मोबाइल जमत नाही त्या आजींनी अपराध्यासारखं उभं राहायचं कारण नाही. दुसरी गोष्ट, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. नातवाला घेऊन जाताना या गोष्टीसाठी पैसे मोजायची वेळ आली, तर आधी विचारावं.

मग गजर कशाला लावायचा? एक कारण अगदी व्यवहारी आहे. कंपन्या कधी कधी खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच प्रवासी आले तर कुणाला तरी मागे ठेवावं लागतं आणि ज्यांच्या हातात खुर्चीचा नंबर नाही ते आधी अडचणीत येतात. त्यासाठी भरपाईचे नियम आहेत. दुसरं विमान तासाभरात न देता २४ तासांच्या आत दिलं तर मूळ एकेरी भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. पण लेकीचं बाळंतपण भरपाईसाठी थांबत नाही. लवकर चेक-इन केलेलं असलं की ही चिंता बरीच कमी होते.

दुसरं कारण माझ्या मते खरं. फुकट मिळणाऱ्या जागांमधली निवड सुरुवातीला जास्त असते. ती निवड कुणाच्या कामी यावी? आपल्या यात्रेचंच उदाहरण घ्या. एका पीएनआरवर जास्तीत जास्त नऊजणी. त्यांत एक पंच्याहत्तरीच्या काकी, ज्यांना दर तासाला उठावं लागतं. एक पहिल्यांदाच विमानात बसणारी, जिला एकटीला अनोळखी पुरुषांच्या मधे बसवलं तर ती तीन तास जीव मुठीत धरून बसेल. एकीला कानाने कमी ऐकू येतं, सूचना सांगायला शेजारी कुणीतरी हवं. बाकीच्या सहाजणी धडधाकट. अशा वेळी जिच्या हातात मोबाइल आहे, तिने गजर लावून पहिल्या मिनिटाला बसलंच पाहिजे. आणि बसून आधी काकींना कडेची जागा, मग नवखीला ओळखीचीच्या शेजारी, मग कमी ऐकणारीला सोबत. स्वतःची जागा सर्वांत शेवटी, मिळेल ती. गटप्रमुख होऊन आधी स्वतःची खिडकी धरायची आणि मग "बाई गं, मधल्याच उरल्यात" म्हणायचं, हे यात्रेला निघालेल्या बाईला शोभत नाही.

आपल्या धर्मात अप्रमादाला मोठं स्थान आहे. सावध राहणं, वेळेला चुकू नये, आळसाने कुणाला त्रास होऊ देऊ नये. त्या अर्थाने गजर हा अप्रमादच. जेवणाचंही त्यातच आलं. जैन जेवण मिळणाऱ्या विमानात ते निदान २४ तास आधी नोंदवावं लागतं, चेक-इन केलं म्हणून ते आपोआप येत नाही. ४८ तासांच्या गजराला दोन्ही कामं एकदम आटोपली की पुढे कांदा-बटाट्याच्या ताटासमोर उपाशी बसायची वेळ येत नाही. तरी पिशवीत दशम्या आणि मेतकूट असावंच, हे वेगळं सांगायला नको.

जागा बदलून मागण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. गजर चुकला, जोडीदार आठ रांगा मागे गेला, तर आपण सर्रास शेजारच्या मुलाला म्हणतो, "बाळा, तू मागे जातोस का?" त्या बाळाने कदाचित खिडकीसाठी पैसे भरलेले असतात, आणि आपण त्याला मधली खुर्ची देऊ करत असतो. पांढऱ्या केसांपुढे तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून उठतो. हे मागणं नाही, ही वसुली झाली. मागायचंच असेल तर आपली चांगली जागा देऊन त्याची वाईट मागावी. कडेची देऊन मधली घ्यावी. नाही म्हणाला तर तोंड वाकडं करू नये. दोन तास नवऱ्यापासून लांब बसल्याने चाळीस वर्षांचा संसार मोडत नाही.

आता ज्या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे, तो व्हीलचेअरचा. विमानात सर्वांत आधी कोण चढतं? व्हीलचेअरवाले. रांग नाही, तपासणीला वेगळा मार्ग, इमिग्रेशनला मदतनीस. आणि हे फुकट. म्हणून मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी सर्रास व्हीलचेअर मागितली जाते. इथे रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत फेरी मारून येणारी बाई मुंबई विमानतळावर खुर्चीत बसते. कारण विचारलं तर "इंग्रजी येत नाही, एवढ्या मोठ्या विमानतळावर हरवले तर?" ही भीती खोटी नाही. पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो, हे मी जाणते. पण त्याचा उपाय वेगळा आहे. एकट्या ज्येष्ठ प्रवाशाला वाट दाखवायला माणूस देण्याची सोय बऱ्याच कंपन्यांकडे असते. कुठे तिला पैसे पडतात, कुठे नाही. तिकीट काढतानाच तसं विचारावं. पाय चालत असताना खुर्ची मागू नये.

कारण खुर्च्या मोजक्या असतात आणि त्या ढकलणारी माणसं त्याहून मोजकी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर काय झालं ते आठवा. न्यूयॉर्कहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी स्वतःसाठी आणि पत्नीसाठी अशा दोन व्हीलचेअर आधीच सांगून ठेवल्या होत्या. उतरल्यावर एकच मिळाली. व्हीलचेअरची मागणी फार होती म्हणून त्यांना थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. त्यांनी पत्नीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्याबरोबर चालत निघाले. इमिग्रेशनपाशी कोसळले, आणि गेले. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. दंड योग्यच होता, पुरेशा खुर्च्या ठेवणं हे कंपनीचंच काम. त्या दिवशी त्या विमानात विनाकारण कुणी खुर्ची घेतली होती की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि तसा आरोपही करत नाही. पण जिथे खुर्च्या कमी पडतात तिथे गरज नसताना घेतलेली प्रत्येक खुर्ची कुणाच्या तरी खालून काढून घेतलेली असते, एवढं गणित समजायला वाणिज्य शाखा लागत नाही.

न दिलेलं घेणं याला आपण अदत्तादान म्हणतो. अचौर्य व्रताचे अतिचार शिकवताना आपण मुलांना खोट्या मापाची उदाहरणं देतो. चालता येत असताना आजारी म्हणून खुर्चीत बसणं हे खोटं मापच आहे. शिखरजीला डोंगर चढवत नाही तेव्हा आपण डोली करतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. खरोखर चालवत नसेल तर विमानतळावरही निःसंकोच खुर्ची मागावी, तिकीट काढतानाच मागावी, हक्काने मागावी. गुडघा बाहेरून दिसत नाही, तेव्हा दुसरीच्या दुखण्याबद्दल आपण शंकाही घेऊ नये. प्रत्येकीने आपल्यापुरतं ठरवायचं आहे.

माझ्या नणंदबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, "वहिनी, सगळं जग पुढे घुसतंय, आपणच का मागे राहायचं? आपल्या मागे राहण्याने कुणाचं भलं होतं?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं. गजर लावून नियमाने मिळणारी जागा घेण्यात मागे राहण्याचा प्रश्नच नाही, ती जरूर घ्या. तिथे सगळ्यांना सारखी संधी आहे. सारखी म्हणजे अगदी सारखी नाही, कारण ज्याला मोबाइल येत नाही, घरी इंटरनेट नाही, लिहून द्यायला नातवंड नाही, तो मागेच पडतो. म्हणूनच ज्या आपल्याला येतं त्यांच्यावर थोडी जास्त जबाबदारी येते. स्वतःचं चेक-इन पाच मिनिटांत होतं. सहाव्या मिनिटाला, या आठवड्यात आणखी कोण निघालंय, एवढं विचारायला काय हरकत आहे? मंदिरात दर्शनाला गेल्यावर कळतंच की कोण कुठे चाललंय.

नणंदबाई अजून पूर्ण वळलेल्या नाहीत. पण मागच्या महिन्यात शेजारच्या आक्का दिल्लीला जायच्या होत्या, तेव्हा त्यांचं चेक-इन नणंदबाईंनीच करून दिलं. कडेची जागा, स्वच्छतागृहाजवळ, एक पैसा न देता. आक्कांना मोबाइलमधलं काही कळत नाही. त्यांना एवढंच कळलं की प्रवास सोपा झाला.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. व्हीलचेअरबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर तेही कळवा, मला ऐकायचं आहे. आणि पर्युषणानंतर ज्या कुणी यात्रेला निघणार असतील, त्यांनी गटात कुणाला काय त्रास आहे याची यादी तिकिटं काढायच्या दिवशीच करावी. चेक-इनच्या मिनिटाला ती यादी हाताशी असली की झालं.